पावसाळा आला की खाद्य खवट आणि अंड्याला मासळीचा वास: नेमकं कुठे बिघडतं?

मुरबाड, शहापूर, बदलापूर, टिटवाळा या पट्ट्यातल्या लहान लेयर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या) शेडमधून दरवर्षी जून अर्धा सरला की त्याच तक्रारी यायला लागतात. पक्षी फीडरमध्ये चोच मारतात, खाद्य उडवतात, पण खात नाहीत. अंडी घटतात. नव्या लॉटमधलं एखादं पिल्लू मान मागे टाकून पाय झाडत पडतं. आणि नौपाड्यात किंवा वाशीत घरपोच अंडी देणाऱ्याला गिऱ्हाईक सांगतं, "दादा, आज ऑम्लेटला बोंबलाचा वास होता." मग सगळा राग शेडच्या कोपऱ्यातल्या फिश ऑइलच्या ड्रमवर निघतो. ड्रम बदलतात, अँटिऑक्सिडंटची (तेल खवट होणं लांबवणाऱ्या पदार्थाची) मात्रा दुप्पट करतात, थोडे दिवस बरं चालतं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

मी या भागातल्या शेडवाल्यांना खाद्याचा फॉर्म्युला बसवून देतो. माझं मत आता पक्कं झालंय की खवट खाद्य आणि वासाचं अंडं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. खवटपणातही पुन्हा दोन जाती आहेत आणि त्यातल्या एकीवर अँटिऑक्सिडंटचा काडीचा उपयोग होत नाही. हे आधी वेगळं केलं नाही तर पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते.

आधी अंड्याचा वास घेऊ, कारण त्यात गिऱ्हाईक तुटतं.

वास सगळ्या अंड्यांना येतो की काहींनाच?

शेडमधून थेट उचललेली वीस-पंचवीस अंडी घ्या. प्रत्येकावर पेन्सिलीने पिंजऱ्याचा नंबर टाका, उकडा आणि गरम असतानाच एकेक फोडून हुंगा. नाक बलकाजवळ न्या, पांढऱ्याजवळ नको. थंड अंड्यात वास दबतो. हुंगायला घरातलं असं माणूस बसवा ज्याचा शेडशी रोजचा संबंध नाही, कारण रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचं नाक सरावलेलं असतं.

एकाही अंड्याला वास आला नाही तर खाद्याला हात लावू नका, आधी दुकान बघा. पावसाळ्याच्या तोंडावर आगोटीचा माल भरलेला असतो. सुका बोंबील, जवळा, सुकट, बांगडा यांच्या टोपल्या आणि शेजारीच अंड्यांचे ट्रे, हे ठाण्या-कळव्यातल्या कितीतरी दुकानांत दिसतं. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि बाहेरचा वास त्यातून आत शिरतो. एकच ट्रे दोन जागी ठेवून बघा, एक घरात आणि एक दुकानात. दोन-तीन दिवसांत उत्तर मिळेल.

काही ठरावीक पिंजऱ्यांतल्याच अंड्यांना वास आला आणि ती अंडी तपकिरी असली, तर दोष बहुतेक वेळा फिश ऑइलचा नसतो. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. ऱ्होड आयलंड रेड या तपकिरी अंड्यांच्या जातीच्या रक्ताच्या काही कोंबड्यांमध्ये एफएमओ३ नावाच्या जनुकात बदल असतो. संशोधकांनी तो २००५ मध्ये शोधून काढला. कोंबडीच्या आतड्यात ट्रायमिथिलअमाइन तयार होतं, मासळीला जो वास असतो तो याच पदार्थाचा. बाकीच्या कोंबड्यांचं यकृत त्याचं रूपांतर बिनवासाच्या पदार्थात करतं. या कोंबड्यांना ते नीट जमत नाही, मग ते बलकात साठतं. म्हणजे खाद्यात मासळीचा एक थेंब नसतानाही अंड्याला मासळीचा वास येऊ शकतो.

हा पदार्थ आतड्यात येतो कुठून? मोहरीच्या पेंडीत सिनापिन असतं, त्यातून येतो. सोयापेंड महागली की मोहरीची पेंड फॉर्म्युल्यात शिरते, आणि खाद्य बनवणारा ती "थोडीच" टाकतो. पांढऱ्या लेयरला ती थोडी चालून जाते, तपकिरी अंडं देणाऱ्या या कोंबड्यांना नाही. दुसरा रस्ता कोलीन क्लोराइडचा. खाद्यात घालायच्या जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणात, म्हणजे प्रीमिक्समध्ये, कोलीन असतं, लिव्हर टॉनिकमध्येही असतं, आणि दोन्ही चालू असतात. दोन्हींची लेबलं शेजारी ठेवून बेरीज करा. मासळीच्या भुकटीतूनही हाच पदार्थ येतो. तपकिरी अंड्यांचा धंदा असेल तर मोहरीची पेंड पूर्ण काढा. वासाच्या पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी तोवर घरगुती गिऱ्हाइकाला देऊ नका.

सगळ्याच अंड्यांना वास असेल तेव्हा मात्र फिश ऑइलकडे बोट दाखवा. ओमेगा-३ अंड्यांसाठी फिश ऑइल घालणारे बरेच जण एकूण खाद्याच्या दीड टक्क्याच्या वर जातात आणि तिथून चवीला वास लागायला सुरुवात होते. मी टनाला १० किलोच्या वर जाऊ देत नाही. हिशेब करताना मासळीच्या भुकटीतलं तेल विसरलं जातं. टनाला ५० किलो भुकटी आणि तिच्यात ८ टक्के तेल धरलं तरी ४ किलो फिश ऑइल तिथूनच आलं. वरून १२ किलो ओतलं की झालं १६ किलो, आणि खाद्यवाला मात्र "सव्वा टक्काच घालतो" असं मनापासून सांगत असतो.

बदल केल्यावर दुसऱ्या दिवशी अंडं हुंगून नाराज होऊ नका. बलक साधारण दहा दिवस भरत असतो. आज काढलेलं तेल पुढचे बरेच दिवस अंड्यात दिसत राहील. दोन आठवडे थांबून मग उकडून बघा.

खाद्यच खवट होतं तेव्हा

हे जूनमध्येच का होतं, त्याचं उत्तर एप्रिलमध्ये आहे. उन्हाळ्यात मुरबाडकडे पारा चाळिशीला टेकतो, पक्षी धापा टाकतात आणि खाणं कमी करतात. कमी खाण्यात पुरेशी ऊर्जा जावी म्हणून खाद्यात तेल किंवा चरबी वाढवतात. हे बरोबरच आहे. चरबीत वजनाला वजन पिठूळ पदार्थांच्या सव्वादोन पट ऊर्जा असते आणि ती पचताना अंगात उष्णताही कमी तयार होते. पण मग ड्रम एप्रिलमध्ये फुटतो, मे महिनाभर पत्र्याखाली तापतो, आणि पाऊस पडून पक्षी पुन्हा खायला लागले की अर्धा उरलेला ड्रम तसाच पुढे चालू राहतो. त्यात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. म्हणजे जुलैत "ताजं" म्हणून विकलं जाणारं इथलं तारलीचं तेल फार तर मे महिन्यातलं. जुलैत ड्रम घेताना उत्पादनाची तारीख विचारा, आणि तारीख सांगता येत नसेल तर घेऊ नका.

आता खवटपणाच्या दोन जाती. पहिली हवेमुळे. तेलातल्या असंतृप्त साखळ्यांवर ऑक्सिजन बसतो आणि एकदा सुरू झालं की ते स्वतःच पसरत जातं. किती लवकर, ते तेलावर ठरतं. आयोडीन व्हॅल्यू म्हणजे तेलात अशा असंतृप्त साखळ्या किती त्याचा आकडा. ती जितकी जास्त तितकं तेल हवेला उघडं. गुरांच्या चरबीची ४० ते ५०, कोंबडीच्या चरबीची ८० च्या आसपास, फिश ऑइलची १५० आणि वर. म्हणून ज्या शेडमध्ये चरबी तीन महिने टिकते तिथे फिश ऑइल तीन आठवड्यांत हाताबाहेर जाऊ शकतं. तांबं आणि लोखंड या कामाला वेग देतात. बऱ्याच ड्रमना पितळी तोटी बसवलेली असते, आणि पितळात तांबं असतंच की. ती काढून स्टेनलेस किंवा प्लॅस्टिकची बसवा. मोरचूद (तांब्याचा क्षार) असलेलं मिनरल मिक्स्चर तेलात आधी कालवून ठेवू नका.

दुसरी जात पाण्यामुळे. चरबी तुटून त्यातली आम्लं मोकळी होतात. ही जात ठाणे जिल्ह्यात जास्त दिसते आणि तिचं कारण बहुतेक वेळा ड्रम नसून कोंडा असतो. मुरबाड, शहापूर, कर्जतच्या भातगिरण्यांतून स्वस्तात मिळणारा ताजा कोंडा, ज्याला धंद्यात राईस पॉलिश म्हणतात, त्यात १२ ते १५ टक्के तेल असतं. गिरणीत तांदूळ पॉलिश होताना त्या तेलाला तोडणारं लायपेज हे विकर तेलाला मिळतं आणि काही तासांत काम सुरू करतं. दमट हवेत तर बघायला नको. आठवड्याच्या कोंड्याची चिमूट जिभेवर ठेवली तर कडवट, साबणी चव येते. मोकळी झालेली आम्लं पुढे हवेनेही लवकर बिघडतात, म्हणून दोन्ही जाती शेवटी एकत्र सापडतात. अँटिऑक्सिडंट हवेचं काम लांबवतो, लायपेजला थांबवत नाही. कोंडा दोषी असताना अँटिऑक्सिडंट वाढवणाऱ्यांना गुण का येत नाही, ते इथे कळतं.

दोषी कोण ते शोधायला बरण्या पुरतात. झाकणाच्या काचेच्या बरण्या घ्या. एकीत मका आणि सोयापेंड, दुसरीत कोंडा, तिसरीत मासळीची भुकटी, चौथीत ड्रमच्या वरच्या भागातलं तेल, पाचवीत ड्रमच्या तळाचं तेल, सहावीत तयार खाद्य. झाकणं घट्ट लावून अर्धा तास गरम पाण्यात उभ्या करा. मग एकेक उघडून हुंगा, मध्ये बाहेर जाऊन मोकळा श्वास घ्या. तेलाला ऑइलपेंटसारखा उग्र वास म्हणजे हवेचा खवटपणा. मक्याच्या बरणीला कुबट, ओल्या गोणपाटाचा वास आला तर ती बुरशी आहे, वेगळाच विषय, आणि अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची तपासणी करून घ्या.

ड्रमच्या तळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे कुणी बघत नाही. ड्रम संपत आला की तिरका करून उरलेलं तेल काढतात आणि त्याच ड्रममध्ये नवीन तेल ओततात. एकदा रिकामा ड्रम आडवा करून टॉर्च मारून बघा. आतल्या भिंतीला तपकिरी, चिकट पापुद्रा असतो, नखाने खरवडला तर लांबतो. तळाशी पाणी आणि गाळाचा काळपट थर असतो, आणि त्याला डोळ्यांतून पाणी काढणारा वास येतो. तो पापुद्रा म्हणजे पूर्ण बिघडून घट्ट झालेलं तेलच. नव्या तेलात तो मिसळला की विरजण लागल्यासारखं नवं तेलही त्या वाटेला लागतं. त्यामुळे ड्रम फेरभरणी करू नका. लहान शेडला २०० लिटरचा ड्रम मुळात मोठा होतो. पावसाळ्यात २०-३५ लिटरचे कॅन घ्या, तोंडापर्यंत भरलेले, म्हणजे वर हवा राहत नाही, आणि एक फुटला की तो संपवूनच दुसरा फोडा. लिटरमागे चार पैसे जास्त जातील. जाऊ द्या.

अँटिऑक्सिडंट घालायचा तो तेल ताजं असताना, शक्य तर पुरवठादाराकडेच, ड्रम भरतानाच. खवट झालेलं तेल त्याने परत ताजं होत नाही. बीएचटी या अँटिऑक्सिडंटची नेहमीची मात्रा तेलाच्या वजनाच्या दशलक्ष भागांत २०० भाग. २०० लिटर फिश ऑइल म्हणजे साधारण १८४ किलो, त्याला ३७ ग्रॅम. थोड्या कोमट तेलात आधी विरघळवून मग ड्रममध्ये ढवळायचा, नाहीतर नीट मिसळत नाही. इथॉक्सिक्विन हा दुसरा अँटिऑक्सिडंट अजून वापरात आहे. युरोपियन युनियनने २०१७ मध्ये त्याची परवानगी थांबवली, त्यामुळे निर्यातीच्या साखळीत असाल तर खरेदीदाराला आधी विचारा. दोन-तीन कंपन्यांची मिश्रणं एकत्र घालू नका, लेबलावरची मात्रा वाचा.

कोंड्यासाठी उपाय साधा आहे. पावसाळ्यात तेल काढलेला कोंडा वापरा, त्यात तेल टक्काभरच उरतं. ऊर्जा कमी पडते ती मक्यातून भरून काढा. ताजा कोंडाच वापरायचा असेल तर गिरणीतून त्याच दिवशीचा आणा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. महिन्याचा एकदम भरू नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

मिक्सरमध्ये क्रमही महत्त्वाचा. आधी कोरडं सगळं फिरवून घ्या, तेल शेवटी, बारीक धारेने. एकदम ओतलं की गोळे होतात, काही पक्ष्यांच्या वाट्याला तेलाचे लाडू येतात आणि काहींना कोरडं पीठ. हिवाळ्यात चरबी गोठते तेव्हा डबा गरम पाण्यात ठेवून वितळवा, शेगडीवर नको. जून ते सप्टेंबर आठवड्याला पुरेल एवढंच खाद्य बनवा. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

तेलाची लॅब तपासणी करून घ्याल तर हवेच्या खवटपणाची सुरुवात दाखवणाऱ्या एकट्या पेरॉक्साइड व्हॅल्यूवर विसंबू नका. ती आधी चढते आणि मग उतरते, कारण पेरॉक्साइडं तुटून पुढचे, जास्त उग्र पदार्थ तयार होतात. पार सडलेल्या तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू ४ आलेली असू शकते आणि पुरवठादार तो कागद अभिमानाने दाखवतो. सोबत या पुढच्या पदार्थांचा आकडा, म्हणजे अॅनिसिडीन व्हॅल्यू मागा. पेरॉक्साइडची दुप्पट अधिक अॅनिसिडीन, याला टोटॉक्स म्हणतात. ४ आणि ३० आलं तर टोटॉक्स ३८. माणसांसाठीच्या फिश ऑइलला २६ ची मर्यादा धरतात. खाद्याच्या तेलात थोडी सूट देऊ, पण ३८ चं तेल मी पिल्लांना घालणार नाही. मोकळ्या आम्लांचा आकडाही घ्या, त्यावरून पाण्याचा खवटपणा कळतो. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात तेल तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळा आहेत. मासळीच्या तेलाविषयी विचारायला वाशीत केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेचं मुंबई केंद्र आहे, आणि पशुपोषणासाठी परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

मान टाकणारी पिल्लं

खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं. त्याचा पहिला फटका दोन ते चार आठवड्यांच्या पिल्लांच्या लहान मेंदूला बसतो. पिल्लू तोल जाऊन मागे पडतं, मान वळवतं, पाय सायकल मारल्यासारखे हलवतं, पण डोळे टवटवीत असतात. खाद्य लगेच बदलून पाण्यातून ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम दिलं तर हलक्या केसेस सावरतात, पार आडवी झालेली सहसा नाही.

पण मान वळली की खाद्य, असं गृहीत धरू नका. मानमोडी (राणीखेत) या रोगातही हेच दिसतं. सोबत हिरवट पातळ विष्ठा, घरघर, मोठ्या पक्ष्यांतही मरतूक असेल तर खाद्याचा विषय बाजूला ठेवून पशुवैद्यकाला बोलवा. अचानक बरेच पक्षी मेले तर तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाला लगेच कळवा, मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत सुरुवात अशीच मरतुकीने झाली आणि निघाला बर्ड फ्लू. अशा वेळी खाद्य बदलून वाट बघण्यात गेलेला दिवस शेजारच्या सगळ्या शेडना महाग पडतो.

स्वस्तातलं तेल

ठाणे, कल्याण, नवी मुंबईतल्या फरसाणवाल्यांचं, हॉटेलांचं तळून काळं झालेलं तेल "पोल्ट्रीसाठी चालतं" म्हणून विकणारे दलाल शेडवर येतात. घेऊ नका. १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांपेक्षा जास्त पोलर घटक (तळून तळून तेल बिघडताना तयार होणारे) असलेलं तेल स्वयंपाकात वापरायला मनाई आहे, आणि असं तेल बायोडिझेलकडे वळवण्यासाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, रुको योजना आहे. माणसाच्या ताटातून बाद झालेलं तेल कोंबडीमार्गे त्याच ताटात परत आणायचं कशाला? कुठल्याही दलालाच्या डब्यात नेमकं काय मिसळलंय हे डोळ्यांना दिसत नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत दूषित चरबीच्या खाद्याने लाखो कोंबड्या पोटात पाणी होऊन मेल्या. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये खाद्याच्या चरबीत ट्रान्सफॉर्मरचं तेल मिसळलं गेलं, अंडी आणि कोंबड्यांत डायॉक्सिन सापडलं आणि देशभर दुकानांतून माल उचलावा लागला. दोन्ही वेळा सुरुवात खाद्यात गेलेल्या दूषित चरबीनेच झाली. प्रत्येक डब्याला बिल, लॉट नंबर आणि उगम मागा. प्रत्येक लॉटचं पावशेरभर तेल काचेच्या काळ्या बाटलीत, तारीख टाकून, फ्रीजमध्ये ठेवा. भांडण झालं तर तेवढाच पुरावा असतो.

शेडशेजारी म्हशी असतील तर

उरलेलं कोंबडीखाद्य म्हशींच्या आंबोणात टाकायची सवय असेल तर ती मोडा. दूध-मांस देणाऱ्या जनावरांना, कोंबड्या, डुकरं आणि मासे सोडून, गुरांचं किंवा डुकरांचं मांस, हाडं, रक्त असलेलं खाद्य घालायला कायद्याने बंदी आहे, आणि कोंबडीखाद्यात नेमकं काय आहे हे तबेलेवाल्याला माहीत नसतं. फिश ऑइलने तर दुधाची फॅट थेट उतरते. फॅटवर दर मिळणाऱ्याला थोड्याच दिवसांत डेअरीच्या पावतीवर दिसेल.

बिघडलेल्या तेलाचं काय करायचं, हे सगळे शेवटी विचारतात. नव्या तेलात थोडं थोडं मिसळून संपवायचं नाही. ते बायोडिझेल किंवा साबण करणाऱ्याला वजनावर द्या, नाल्यात ओतू नका. ते घातलेलं खाद्य मोठ्या पक्ष्यांनाही नको, शेणखताच्या खड्ड्यात मातीआड करा. ड्रम सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून पाणी साठवायला घ्या, तेलासाठी पुन्हा नाही. बोटी ऑगस्टमध्ये सुटल्या की नव्या हंगामाचं तेल यायला थोडा वेळ लागतो. तोवर फिश ऑइल बंद ठेवलं तरी कोंबडीचं काही अडत नाही. तिला लागणारं लिनोलिक आम्ल मक्यातून आणि थोड्या सोयातेलातून मिळतं. ओमेगा-३ च्या नावाने अंडी विकत असाल तर तेवढे आठवडे ते लेबल काढा आणि गिऱ्हाइकाला कारण सांगा.